डॉक्टरीणबाईंचा टीपकागद

आमच्या डॉक्टरीण सुमतीबाई साधा दात उपटायचा असला तरी आधी कानाच्या पाळीला सुई टोचत. थेंब आला की टीपकागदाची कड हलकेच लावत, घड्याळ बघत, पुन्हा लावत. डाग बारीक होत होत कागद कोरा राहिला की मगच चिमटा हातात घेत. लोक वैतागत. "दात हय दुखता बाई, कान कित्याक टोचतास?"

"दात मी काढतलंय, पण रक्त तूच थांबवतलस. तुका जमता काय, ता आधी बघतंय."

मी त्यांच्या मालवणच्या दवाखान्यात आया होते. शिक्षण चौथीपर्यंत. काचेच्या नळ्या धुणं माझं काम. बाई प्रत्येक नळी उजेडात धरून बघत आणि डाग दिसला की परत धुवायला लावत. मला राग येई. रक्ताला अंगाइतकी ऊब हवी म्हणून भरलेली नळी मुठीत धरून बसत आणि मधूनमधून कलती करून रक्त गोठलं का ते बघत. मुंबईत शिकलेली बाई, तिथे राहिली असती तर मोटारीतून फिरली असती. ती आमच्यात परत आली. त्यांना जाऊन खूप वर्षं झाली, पण त्यांच्या नळ्या मी धुतल्या हे मी आजही मान वर करून सांगते.

माझ्या लेकीचं, यमूचं, लग्न रेडी गावात ठरलं. ती लहान असताना कान टोचले तेव्हा रक्त थांबता थांबेना, म्हणून नाक तसंच ठेवलं होतं. पुढे विटाळ आला की तोही लवकर थांबत नसे. मी देवळात गाऱ्हाणं घातलं. बाई म्हणाल्या, "गाऱ्हाणा घाल, पण चेडवाक हय पण हाड."

मी यमूला दवाखान्यात घेऊन गेले. नळीतलं रक्त वेळेवर गोठलं. पण गोळा आकसून पाणी सुटायला हवं, ते सुटेना. कान तर वाहतच राहिला. भिंगाखाली बघून बाई म्हणाल्या, "रक्त थांबवणारे बारीक कण आसत भरपूर. पण रापणीचा जाळा ओढूक माणसा जमली आणि दोर कोणच ओढणा नाय, तशी गत. नाकाक सुई लावूची नाय. आणि व्याह्यांका सांग."

"लगीन मोडात बाई!"

"लपवन केलंस तर पयल्या बाळंतपणात चेडू जातला."

मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग रेडीला व्याह्यांकडे सगळं सांगणारा निरोप धाडला. विहीणबाई नथीची डबी घेऊन तडक दवाखान्यात आल्या. "माझ्या सासूची नथ ही. नथ नाय ती नवरी कसली?"

"विहीणबाई, कान फुडे करा," बाई म्हणाल्या.

"माझो? माका काय झालाहा?"

"काय्येक नाय. म्हणानच तो होयो."

बाईंनी त्यांना आणि यमूला शेजारी बसवून दोघींचे कान टोचले. विहीणबाईंचा कागद लगेच कोरा झाला. यमूचा भरला, दुसरा घेतला, तोही भरत गेला. बाई तिच्या पाळीवर कापूस दाबून बसल्या. विहीणबाई दोन्ही कागदांकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, संपलं. त्या बाईंना एवढंच म्हणाल्या, "बाळंतपणाचा कसा?"

"माझ्याकडे करूचा. ताजा रक्त देवक माणसा जवळ ठेवची. खात्री देणंय नाय, पण हात सोडूचंय नाय."

विहीणबाईंनी डबी बंद केली आणि सोनाराकडून नथीला चाप बसवून घेतला.

यमूला मुलगी झाली ती बाईंच्या हातावर. सासरची माणसं रक्त द्यायला बाहेर बसून होती, आणि ते द्यावंही लागलं. यमू वाचली. बारशाला रेडीच्या बायका कुजबुजल्या, सुनेचं नाक कोरं कसं? विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी सून रगत तपासून आणलेली आसा. तुमच्या सुनेचा कोणी तपासल्यान?"