आईचा पाढ्यांचा वर्ग आणि माझी कच्ची सिस्टिम

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरला व्हायरसपेक्षा माझ्यापासून जास्त धोका आहे, असं आईचं मत आहे. ते बरोबर आहे.

मला कच्च्या सिस्टिम वापरून बघायचा नाद. कंपनी नवी सिस्टिम बाजारात आणण्याआधी हौशी लोकांना फुकट देते. आपण ती कॉम्प्युटरवर टाकायची, काय काय बिघडतंय ते बघायचं आणि कंपनीला कळवायचं. (माझी बायको पल्लवी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते.) पण माझं नशीबच फुटकं! मी कळवलेली प्रत्येक चूक आधीच कुणीतरी कळवलेली असायची.

आई ठाण्याच्या शाळेत गणित शिकवायची. रिटायर झाली, मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमधून तिचं खाली उतरणंच बंद झालं. दिवसभर खिडकीत बसून राहायची. मला बघवायचं नाही. शेवटी पल्लवीने तिला पाढ्यांचा ऑनलाइन वर्ग काढून दिला. मुहूर्त दसऱ्याचा! आई आदल्या दिवशीच साडीला इस्त्री करून बसलेली.

"मुलं नाही आली तर गं, पल्लवी?"

"येतील हो आई. नका टेन्शन घेऊ."

दसऱ्याच्या सकाळी पाटीवर सरस्वती काढली, कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला. मी म्हटलं, साडेतीन मुहूर्तांतला एक, काहीतरी नवं व्हायलाच हवं! आणि आई नैवेद्याच्या गडबडीत असताना मी एकदम ताजी, कालच आलेली कच्ची सिस्टिम टाकून मोकळा झालो.

"मंदार, आवाज नीट जातोय का बघ. एकोणतीसचा पाढा म्हण माइकवर."

"तूच म्हण ना!"

"मला येतो. तू म्हण."

म्हटला. सहापर्यंत कसाबसा पोचलो. "एकोणतीस सत्ते... अं... दोनशे... अं... थांब हां!"

आईने कपाळाला हात लावला. पण आवाज जात होता!

वर्ग सुरू झाला. आमच्या बिल्डिंगमधली पोरं, ठाण्यातल्या माजिवड्याहून आईच्या जुन्या विद्यार्थ्यांची पोरं, मागे त्यांचे आईबाप. आईचा चेहरा असा फुललेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"बाळांनो, माझ्यामागून म्हणा. बे एके बे!"

सिस्टिमने आईचा आवाज गिळला आणि मघाशी अडकून बसलेला माझा आवाज सोडला! पोरं आज्ञाधारक. सगळी एका सुरात ओरडली, "एकोणतीस सत्ते, अं, दोनशे, अं, थांब हां!"

"अरे, नाही रे बाळांनो! बे एके बे!"

"एकोणतीस सत्ते, अं, दोनशे, अं, थांब हां!" आता तर चालीत!

दुसऱ्या कुणी शहाण्याने कॉम्प्युटर बंद केला असता. मी टाळी वाजवली. "सापडली! नवी चूक सापडली! आई, पुन्हा म्हण!"

"झालं का नीट?"

"नाही गं! पुन्हा घडते का ते बघायचंय, त्याशिवाय कंपनी मानत नाही!"

माजिवड्याचे एक बाबा खाकरले. "टीचर, आम्ही नंतर जॉइन होतो हां." गेले. मागोमाग आणखी दोघं गेली.

"मंदार," आई हळूच म्हणाली, "मुलं जातायत रे."

तिचे डोळे भरलेले बघितले आणि माझी सगळी हौस फिटली. हात मात्र कीबोर्डवर कंपनीला चूक कळवतच होते! पल्लवीने हारासकट प्लग उपटला, आपला मोबाइल सरस्वतीच्या पाटीला टेकवून ठेवला आणि सगळ्यांना परत बोलावलं. आली की सगळी! उलट एका मुलीने विचारलं, "टीचर, मघाचे सर कुठे गेले?"

"ते सर नाहीत," आई म्हणाली.

वर्ग आता जोरात चालतो. मध्यंतरी कंपनीचा मेसेज आला: ही चूक सर्वांत आधी कळवल्याबद्दल आभार, आम्ही ती दुरुस्त केली आहे. आयुष्यात पहिल्यांदा! मी छाती फुगवून आईला वाचून दाखवला.

"त्यांनी त्यांची केली," आई म्हणाली. "तू तुझी कधी करतोस? रविवारी वर्गाला बस."

बसतो. काय करणार! परवा माझी पाळी आली. हाताची घडी घालून उभा राहिलो, सहापर्यंत सुसाट गेलो. "एकोणतीस सत्ते..." म्हटलं मात्र, पुढचं अख्ख्या वर्गाने म्हटलं, "अं, दोनशे, अं, थांब हां!"

आणि खरं सांगतो, त्याच्या पुढचं मला अजूनही येत नाही.