दाताची जागा

तुमच्या भिंतीतली वाळू नदीच्या कोणत्या वळणावरून आली, हे तुम्ही कधी विचारलंत का? माझा मिलिंदमामा विचारायचा. दीड महिन्यापूर्वी मामीचा फोन आला, "तुहा मामा गेला... झोपीतच." रडू नंतर आलं, आधी राग आला. आता तो प्रश्न विचारणारंही कोणी उरलं नव्हतं.

रिसोडला मामाचा छोटा छापखाना. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, मोर्चाची हँडबिलं. त्या ओल्या शाईवरच मी वाचायला शिकले. घराचा वरचा मजला बांधताना पैनगंगेची वाळू आली आणि चाळणीवर एक वाकडा दगड अडकला. मामाने धुऊन पाहिला तर दात होता, दगड झालेला. वाघाचा सुळा गोलसर असतो. हा सुरीसारखा चपटा, कडेला बारीक दाते. लाखो वर्षांपूर्वी आपल्या देशात तलवारीसारख्या सुळ्यांची मोठी मांजरं होती, पण त्यांची हाडं सापडली ती दूर, हिमालयाच्या पायथ्याशी. मामा दात घेऊन नागपूरला एका प्राध्यापिकेकडे गेला. त्या म्हणाल्या, असू शकतो, पण अर्धाच आहे. सापडला तिथेच उरलेला जबडा असेल, जागा कुठली? मामाला सांगावं लागलं, चाळणीवर.

तिथून त्याची तगमग सुरू झाली. वाळू चोरून उपसलेली होती. पावती मामानेही मागितली नव्हती, हे मी लपवणार नाही. त्याने ट्रॅक्टरवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "जागा सांगतली त पंचनामा माह्याच ट्रॅक्टरचा होईन, भाऊ."

"मले तुहं नाव नाई पायजे. नदीचं वळण पायजे."

त्याने चहा संपवला आणि निघून गेला. मग मामा लुनावर नदीकाठची गावं पालथी घालू लागला. दर खेपेला काठ आणखी पोखरलेला... तो जबडा कोणाच्या तरी स्लॅबमध्ये जाऊन बसेल, या विचाराने त्याला जेवण जात नसे. चहाच्या टपरीवर लोक विचारत, "काय भाऊ, सापडली का मांजर?" मामा म्हणे, "तुह्या भिंतीत पाह्य, तिथंच बसली असन."

मी चिडून पत्रक लिहिलं, 'वाळूचोरांनो, हिशेब द्या'. मामाने ते छापलं नाही. म्हणाला, यानं लोक लपतीन. त्याने स्वतःचं छापलं, दोनच ओळींचं, आणि शेजारच्या मालेगावपर्यंत टपऱ्याटपऱ्यांवर चिकटवलं. कोणी आलं नाही. मी तेव्हा भांडले होते, आजही भांडेन. नदी पोखरणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षेने जबडा परत येत नाही, हे मामाला माझ्याआधी कळलं होतं.

दात अजून छापखान्यात आहे, छपाईचे शिशाचे जुने खिळे ठेवायच्या केसमध्ये, प्रश्नचिन्हांच्या खणात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोणीतरी तो मामाच्या फोटोसमोर ठेवायला निघालं, तर मामीने हात धरला. "राहू द्या तिथंच. उत्तर नाई आलं अजून."

म्हणून मामाच्याच त्या दोन ओळी पुन्हा छापते आहे. तुमच्या दारात वाळूची ट्रॉली रिकामी होईल, तेव्हा ती कुठली हे विचारा. आणि रिसोडला त्या घरी ज्याने वाळू टाकली, त्याने हे वाचलं असेल तर छापखान्यात यावं. मामी चहा देईल.

दाताची जागा सांगा.
नाव सांगू नका.