बाटलीतलं तिरफळ

आई तापातून उठली, पण तिच्या नाकातला वास गेला तो गेलाच. मासेवालीची टोपली उंबऱ्याशी आली की बांगडा ताजा की शिळा हे जिला आतूनच कळायचं, तिने एकदा नासका बांगडा शिजवून पाहुण्यांना वाढला. पाहुण्यांनी तो भाताखाली लपवला. तेव्हापासून आमच्या घरात मासळी बंद झाली. आता डाळ करपली तरी तिला धूर दिसल्यावर कळतं. ती चिडत नाही, रडत नाही. तिच्या या शहाणपणाचा मला संताप येतो.

डॉक्टर म्हणाले, ओळखीचे उग्र वास रोज हुंगायला द्या, कधी कधी परत येतो. त्यातलं ‘कधी कधी’ मी कानाआड केलं.

कुडाळजवळच्या एका लहानशा कारखान्यात मी नोकरी करते. तोंडवलीच्या खडकांवरचं शेवाळ आमच्याकडे येतं, त्यातला रंग आम्ही काढतो. घरच्या सिलिंडरात गॅस दाबाने पातळ होऊन राहतो ना, तसाच पातळ केलेला वायू शेवाळातून सोडायचा. तो रंग आणि तेल ओढून घेतो. मग दाब सोडला की वायू उडून जातो आणि हवं तेवढं खाली उरतं. कुठे तापवणं नाही, त्यामुळे वास शिजत नाही.

मनात आलं, मासळीत घालतात त्या तिरफळाचं तेल असंच काढावं. तिरफळाशिवाय आईने बांगड्याचं तिखलं कधी केलं नव्हतं. तिचं नाक हा वास ओळखणार नाही, तर कुठला ओळखणार? साहेबांच्या मिनतवाऱ्या केल्या. काट्यांनी हात ओरबाडून घेत परसातल्या झाडाची सगळी हिरवी तिरफळं उतरवली आणि सुट्टीच्या दिवशी यंत्र लावलं. एवढ्याशा बाटलीच्या तळाशी तेल जमलं. वास असा झणझणीत, की मला आमचं जुनं स्वयंपाकघर आठवून रडू आलं.

बाटली आईला दिली, रोज हुंगायला बजावलं आणि कुडाळच्या खोलीवर परतले. वास येतो का, असं मी रोज फोनवर विचारायचे. एक दिवस ती म्हणाली, “येता गो, थोडो थोडो येता.” मी कारखानाभर पेढे वाटले.

पुढच्या रविवारी बांगडे घेऊनच घरी गेले. बाटली देवाच्या फळीवर होती. टोपण फिरवलं, तर आतलं रबरी बूच आणि त्यावर मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी.

“आये, ह्या तू उघडलंच नाय?”

“झाडभर तिरफळांचो जीव आसा त्येच्यात,” ती म्हणाली. “माझ्या मेल्या नाकासाठी उडवचो कित्याक?”

“मगे फोनार काय सांगत होतंस?”

“तुका बरा वाटता म्हणान.”

मला भयंकर राग आला. तिला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. तिने लहान मुलीसारखे घट्ट मिटले. मी पट्टी ओढली, दातांनी बूच उपटलं आणि बाटली तिच्या नाकाखाली धरली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, “काकी, आज तिखला काय गो? हयसर वास इलो!”

आई तशीच डोळे मिटून बसली होती. हळूच म्हणाली, “काढलंस काय गो बूच?”