रकान्यात की चौकटीत

भाच्यानं साड्यांचं दुकान कॉम्प्युटरवर टाकलं तेव्हा तो एकाच गोष्टीवर डोकं खाजवत बसला होता. लोक शोधताना ‘साडी’ असं टाइप करतील की ‘साड्या’? त्यावरून म्हणे दुकान सापडतं किंवा सापडत नाही. मला विचारलं, “मावशी, तुला हवी असेल तर तू काय लिहिशील?” मी म्हटलं, “मी काहीही लिहीन. तू शोधणाऱ्याला विचारतोयस, हेच पुष्कळ झालं. आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं.” त्याला कळलं नाही. त्याचा मामा कसा गेला हे त्याच्या आईनं त्याला कधी सांगितलेलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या जळगावच्या वस्तीतला पहिला पदवीधर. आबा, आमचे वडील, नगरपालिकेच्या शाळेत मास्तर. निकाल लागला तेव्हा त्यांनी विहारात पेढे वाटले आणि दादाला स्टुडिओत नेऊन काळ्या झग्यात, हातात कागदाची गुंडाळी देऊन फोटो काढवला. झगा स्टुडिओचाच होता. पुढे दादाला धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि तिथंच त्याचं काहीतरी बिनसलं. आधी एकट्यानंच बोलायचा, मग बोलणंच बंद केलं. ताट वाढलं तर ताटाकडे न बघता आपल्या हाताकडे बघत बसायचा. आबांनी त्याला घरी आणलं आणि शेजारीपाजारी सांगून टाकलं, “रजेवर आलाय.” ती रजा काही संपेना. दाढी वाढली, पायात चपला ठरेनात. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तो तसाच अनवाणी बाहेर पडला आणि परत आला नाही.

भुसावळ, चाळीसगाव, धुळे, जिथं जिथं ओळखीचं कुणी होतं तिथं आबा जाऊन आले. पोलिसांत कळवलं. मग वर्तमानपत्रात द्यायचं ठरलं. मी तेव्हा कॉलेजात होते, आबांबरोबर मीच गेले. खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं, “रकान्यात की चौकटीत?”

रकाना म्हणजे ‘हरवले आहेत’ या मथळ्याखालचा. त्यात माणसं, बैल, गुणपत्रिका, संस्थांचे शिक्के, सगळं एकाखाली एक बारीक टायपात यायचं. ज्याचं हरवलं तो तिथं द्यायचा, आणि ज्याला काही सापडलं तोही तिथंच बघायचा. चौकट म्हणजे स्वतंत्र जागा, जाड रेघ आणि फोटो. आबांना विचार करायला वेळ लागला नाही.

“माझा मुलगा बैलांच्या दावणीला बांधायचा नाही. चौकट द्या.”

फोटो दिला तो झग्यातला. मजकूर त्यांनी घरूनच लिहून आणला होता, शुद्ध आणि मास्तरी. उच्चविद्याविभूषित, शांत, मितभाषी तरुण घरातून निघून गेला आहे. मितभाषी! आदल्या दिवशी आई धुळ्याकडच्या आपल्या बोलीत कळवळून सांगत होती, “लोकेसले तो जसा दिखी, तसं लिखा ना. दाढी लिखा. डोकं फिरेल शे, ते लिखा.” आबा कडाडले. वेडा म्हणून छापलं तर पोरींना कोण पदरात घेईल? म्हणजे माझ्या आणि माझ्या बहिणीच्या लग्नाची काळजी. माझ्या नावावर ही काळजी खपवली गेली, आणि मला कुणी विचारलंही नाही, याचा राग मला अजून आहे.

जाहिरात आली. त्या काळी आमच्याकडच्या पेपरात चौकटीत फोटो यायचा तो एक तर वाढदिवसाच्या पुढाऱ्याचा, नाही तर मेलेल्या माणसाचा. दादा काही पुढारी नव्हता. त्याच्या डाव्या हाताला एका म्हातारीचं पुण्यस्मरण, उजव्या हाताला कुणाला तरी भावपूर्ण श्रद्धांजली, आणि मधे हा, गुंडाळी धरून, गंभीर चेहऱ्याचा. दुपारी आबांच्या शाळेतले एक गुरुजी आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाले, “कधी झालं?” आबांनी त्यांना अक्षरशः घराबाहेर काढलं.

तेव्हा तरी त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. “लोकांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?” एवढंच म्हणाले आणि तीच चौकट पुन्हा दिली. तोच फोटो, तेच मितभाषी. आई रोज तेच म्हणायची, आणि ते रोज उठून अंगणात जायचे. कुणाचाही निरोप आला नाही. बसस्टँडवर कुणी दाढीवाला दिसला की मी धावत जायचे आणि जवळ गेल्यावर दुसराच कुणी निघायचा.

शेवटी पाऊसपाणी सुरू झाल्यावर आईनंच पदर खोचला. आबांना न सांगता मला घेऊन त्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, “सगळ्यांसंगं टाका. त्याच रकान्यात.” मजकूर तिनं तोंडी सांगितला, मी लिहिला. डोक्यावर परिणाम झालेला, दाढी वाढलेली, पायात काही नाही, हाका मारल्या तर बघत नाही, चहा दिला तर उभ्यानंच पितो. फोटो दिला नाही. एका म्हशीच्या आणि एका गुणपत्रिकेच्या मधे ते छापून आलं.

त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं दोंडाईच्याहून एक माणूस घर शोधत आला. स्टेशनाबाहेर त्याचं चहाचं हॉटेल होतं. पेपरातलं वाचलं आणि गल्ला तसाच मुलाकडे देऊन निघालो, म्हणाला. असा माणूस उन्हाळाभर त्याच्या दारात होता. चहा दिला की उभ्यानंच प्यायचा, रात्री मालधक्क्याच्या शेडखाली झोपायचा. पाऊस लागला आणि त्याला हगवण झाली. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. कुणाचा कोण हे कळेना, मग पोलिसांनीच मागच्या आठवड्यात अग्नी दिला.

आबांनी विचारलं, आणि ते आवाज चढवूनच विचारलं, “तुमच्या हॉटेलात पेपर येत नव्हता का? मी फोटो दिला होता. मोठा फोटो दिला होता.”

“येस ना, आबा,” तो माणूस म्हणाला. “फोटो तं मी देखा व्हता. माले वाटनं, कोन्हा तरी शिकेल पोऱ्या गया. हात बी जोडात मी.”

“आन् तवय तो?” आईनं विचारलं.

“तठेच व्हता, अक्का. बाहेर. च्या पी राहिना व्हता.”

आबा भिंतीला टेकून बसले होते. मला त्यांची दया आली नाही. अजूनही येत नाही.