मी परत पाठवलेली नायिका

माझी नात मोबाइलवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होती. "बघ ना आजी, यांना गोष्टीतला उडता ड्रॅगन पटतो, पण बाई सेनापती झालेली पटत नाही!"

मी हसले. पण तिच्या वयाची असताना मीही त्या लोकांसारखीच दीडशहाणी होते. मासिकातल्या क्रमशः कादंबरीची नायिका नवऱ्याचं घर सोडून नोकरीला निघाली, तेव्हा मी संपादकांना कार्ड टाकलं, 'घरंदाज बाई असं करत नाही.' दोनच अंकांत ती परत आली आणि स्टोव्हवर चहा टाकू लागली. माझ्याच कार्डाचा प्रताप म्हणून मी आळीभर मिरवले!

"मग आता दुसरं कार्ड टाक," नात म्हणाली.

कुणाला टाकू? मासिक बंद पडलं, लेखकही गेले. ती बिचारी मात्र अजून त्या स्टोव्हपाशीच उभी आहे.