खंडेनवमीला विषारी वायूची पूजा

चूक माझीच. खंडेनवमीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणांची पूजा असते. त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करणारं भांडंही टेबलावर मिरवलं पाहिजे, हा माझा हट्ट. हा वायू विषारी, वर पेट घेणारा. त्याची जागा फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून टाकणाऱ्या काचेच्या कपाटात. तरी मी ते भरलेलं भांडं बाहेर काढलं, आणि झेंडूची माळ घालताना माझ्याच हातून त्याची तोटी ढिली झाली. सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"सर, आधी ते आत ठेवा," आमच्याच विभागातल्या, कन्नड गावच्या मॅडम म्हणाल्या. त्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनी.

"मॅडम, देवाच्या कामात नाक मुरडू नये."

थोड्या वेळानं वास थांबला. "बघा, देवानं ऐकलं!" म्हणत मी निरांजन लावायला काडी काढली.

त्यांनी काडेपेटीच हिसकावली. "वास नाय गेला सर, नाकं बधिर झालीत! तुम्हीच शिकवलंय ना? व्हा बाहेर सगळे!" तोटी बंद करून त्यांनी आम्हाला व्हरांड्यात हाकललं.

तिथं, सगळ्या विभागासमोर, हातात न पेटलेलं निरांजन धरून मी म्हणालो, "मॅडम, माफ करा. आज तुम्हा सगळ्यांना मी थेट देवाच्या घरी घेऊन निघालो होतो."