मामाचं गाजलेलं भाषण

आमचा मामा गावच्या शाळेत खेळाचा मास्तर. गळ्यात बारा महिने शिट्टी. लग्नाच्या फोटोतही कोटाच्या कॉलरमधून तिची दोरी डोकावते. मामी तो फोटो दाखवताना दोरीवर बोट ठेवते आणि म्हणते, "ही माझी सवत."

गावात त्याला 'शिट्टी सर' म्हणतात, तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नाही. मैदानावर चुन्याच्या रेषा तोच ओढायचा, गोलाच्या जाळीच्या तुटलेल्या गाठी तोच बांधायचा, आणि संध्याकाळी त्याचा आवाज पार डांबरी रस्त्यापर्यंत पोचायचा: "अरे, पायात बॉल आहे, अंडं नाही! मार की!"

शाळा लहानच, आणि दर वर्षी आणखी लहान होत चाललेली. कामासाठी शहराकडे गेलेले आईबाप मुलांनाही घेऊन गेले. फुटबॉलची टीम आधी मुलांची होती. मग मुलामुलींची झाली. मग ज्याला दोन पाय आहेत त्याची झाली. शेवटच्या वर्षी नऊच उरले. गोलात एक दांडगी मुलगी उभी राहायची, तिला सगळे 'भिंत' म्हणायचे. नाव खरं तर चिडवायला पाडलेलं, कारण तिच्या हातून बॉल आरपार जायचा. तिनं मात्र ते पदवीसारखं घेतलं. "भिंतीला विचारल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही," असं ती बजावायची आणि सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची.

शेवटची मॅच पलीकडच्या गावच्या शाळेशी झाली. त्यांचे अकरा मैदानात, आणि बाकावर आणखी तेवढेच. मध्यंतरापर्यंत भिंतीनं इतके गोल खाल्ले, की मोजायचं काम पंचांवर सोडलेलं बरं. तेव्हा पलीकडच्या सरांनी, भला माणूस तो, स्वतःहून आपली दोन मुलं बाहेर बसवली आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होऊ दे जरा बरोबरी, सर."

मॅच संपता संपता आमच्या पोरांनी एक गोल केला. पलीकडचे सगळे पालक उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. "शाब्बास रे बाळांनो! वा, वा!" नुकतं पाऊल टाकणाऱ्या पोराला वाजवतात तशा टाळ्या. मामानं मान खाली घातली आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला लागला. त्या टाळ्या आपल्या कानफटात बसल्या, असं तो पुढे म्हणाला. पण ते फार पुढे.

त्यानंतर शाळेच्या समितीची बैठक ठरली. विषय एकच: फुटबॉल चालू ठेवायचं की नाही. मामानं भाषण तयार केलं. कपाटाच्या आरशासमोर उभा राहून तालीम करायचा, आणि मामी पलंगावर बसून दिग्दर्शन करायची.

"हात मागे बांधू नका. चोर पकडून आणल्यासारखे दिसता."

"मग कुठे ठेवू?"

"देवानं दिलेत तिथेच असू देत. हां, आता बोला."

मामा घसा खाकरायचा. "वाचता येत नाही म्हणून आपण मुलाला शाळेतून काढत नाही. मग जिंकता येत नाही म्हणून त्याच्या पायातला बॉल का काढून घ्यायचा? नऊ तर नऊ! हरायची लाज मला कधी वाटली नाही, आणि माझ्या मुलांना मी ती वाटू देणार नाही!"

"'नऊ तर नऊ' ला टेबलावर हात आपटा."

"मोठ्या बाईंचं टेबल आहे ते!"

"मग हळू आपटा."

मामी सांगते, तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला होता. असलं बोलणं नवऱ्याच्या तोंडून तिनं साखरपुड्यापासून ऐकलं नव्हतं.

बैठक मोठ्या बाईंच्या खोलीत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कमी बोलणाऱ्या. समितीची माणसं टेबलाभोवती आणि मामा दाराजवळच्या खुर्चीवर. बाई म्हणाल्या, "सर, टीम तुमची. तुम्ही म्हणाल तसं करू. ओढायचं का आणखी एक वर्ष?"

म्हणजे निर्णय मामाच्याच हातात होता. भांडायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तो उभा राहिला. तेवढ्यात समितीतले एक वयस्कर गृहस्थ, अगदी मायेनं, म्हणाले, "पलीकडच्यांनी दोन पोरं कमी केली म्हणे? बरं केलं हो. थोडी शोभा टळली."

मामाच्या डोळ्यांसमोर ते पालक उभे राहिले. कानात त्या टाळ्या.

"बंद करू," तो म्हणाला.

बाईंनी मान वर केली. "नक्की, सर?"

"नक्की. बास झाली शोभा."

एवढंच. टेबलावर हात नाही, काही नाही. चहा यायच्या आत बैठक संपली.

घरी मामी इस्त्री करत होती. "काय झालं?"

"बंद."

"अगंबाई! आणि भाषण?"

मामा वाकून बुटाची नाडी सोडत होता. सुटलेलीच नाडी तो सोडत होता.

"केलं."

"सगळं?"

"सगळं."

"हात?"

"मागे नव्हते."

मामीनं इस्त्री उभी केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळे पुसले. "तुम्ही तुमचं केलंत. ऐकणारे दगड निघाले, त्याला तुम्ही काय करणार?"

मामीच्या पोटात गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दुकानासमोर रांगेत उभी असताना कोणीतरी विचारलं, "सरांचं फुटबॉल बंद झालं म्हणे?" झालं! मामीनं किटली खाली ठेवली आणि पायरीवर चढून आख्खं भाषण म्हणून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. 'नऊ तर नऊ' ला दुकानाच्या फळीवर असा हात मारला, की मापं खणखणली. दूधवाला भारावून गेला. तिच्या किटलीत माप ओतून झाल्यावर त्यानं वर आणखी एक धार सोडली. "ही सरांच्या नावानं."

त्या दिवसापासून ती वरची धार रोजची झाली, आणि मामाचं जगणं कठीण झालं. न्हाव्याकडे जावं तर न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणायचा, "वाघ आहात, सर! मान जरा खाली." सायकलवाला पंक्चर काढता काढता गुणगुणायचा, "नऊ तर नऊ." मामा घाईनं म्हणायचा, "जाऊ द्या हो, झालं ते झालं." लोक म्हणायचे, "बघा, विनय बघा!" न केलेल्या भाषणाला आता विनयही चिकटला. तो घरी लवकर यायला लागला. दुधाचा चहा सोडून कोरा प्यायला लागला. मामीला वाटलं, फुटबॉलचं दुःख.

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई बोलवायला आला. "सर, बाईंनी बोलावलंय. तुमची फौज आलीय."

खोलीत नऊच्या नऊ ओळीत उभे. पुढे भिंत. मामा दारातच थांबला.

"सर, तुम्ही फक्त उभे राहा," भिंत म्हणाली. "बोलणार आम्ही."

आणि तिनं सुरू केलं. "वाचता येत नाही म्हणून आपण मुलाला शाळेतून काढत नाही..." मामीनंच पाठ करून घेतलेलं. तोच चढ, तोच उतार, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्याच. 'नऊ तर नऊ' ला नऊ जणांनी पाय आपटले. बाईंच्या टेबलावरचा पेला हलला. मग भिंत पुढे सरकली आणि थेट बाईंकडे पाहत म्हणाली, "हरायची लाज आमच्या सरांना कधी वाटली नाही!"

मामाचे हात कधी मागे गेले, त्याचं त्याला कळलं नाही.

बाई म्हणाल्या, "छान बोलतेस गं."

"हे सर बोलले होते, बाई. बैठकीत. तुम्ही ऐकलं नाहीत."

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मामाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तेच जास्त वाईट होतं, मामा म्हणतो. एकदा पाहिलं असतं तर सुटलो असतो.

"सांगा ना, बाई. का बंद केलंत?" भिंतीचा आवाज आता पाठांतराचा राहिला नव्हता. "आमच्यात काय कमी होतं?"

"बाळ, समितीनं..." बाई थांबल्या. चष्मा पुसतच राहिल्या.

मामाला कळलं की बाई आणखी थोडं रेटणार. त्याच्यासाठी, त्याच्यासमोर, मुलांच्या शिव्या स्वतःवर घेणार.

"बाईंनी नाही बंद केलं," तो म्हणाला. "मी केलं."

भिंत हसली. तिला वाटलं, सर काहीतरी गंमत करतायत.

"बाईंनी मला विचारलं होतं. मी नको म्हणालो. ते भाषण... मी केलंच नाही."

"पण काकू तर..."

"काकूंशी मी खोटं बोललो."

 भिंतीनं फक्त विचारलं, "का?"

"त्या मॅचला," मामा म्हणाला, "त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या ना..."

"हो! आमच्या गोलला!" क्षणभर तिचा चेहरा उजळला. "टेम्पोत आम्ही त्याच तर वाजवत आलो, सगळा रस्ता. तुम्ही पुढे बसला होतात. 'गप्प बसा' म्हणून ओरडलात."

मामाला आठवलं. मागून येणारा तो गोंगाट त्याला आपल्याच फजितीचा वाटला होता. त्यानं मागे वळून पाहिलंच नव्हतं.

"मग करा ना परत चालू," मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंनी चष्मा घातला. "स्पर्धेतून नाव काढून झालंय रे. बॉल, जाळ्या, सगळं दुसऱ्या शाळेला देऊन झालंय. आता नाही होत."

पोरं एकेक करून बाहेर पडली. आजवर ही पोरं कुठूनही निघाली, की 'येतो, सर' चा गलका व्हायचा. भिंत दाराशी थांबली, "येते, बाई," म्हणाली आणि मामाच्या अंगावरून निघून गेली.

घरी मामानं बूट न काढताच मामीला सगळं सांगितलं. मामी ऐकत होती. मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि मामीच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. शेवटी म्हणाली, "मी गावभर डांगोरा पिटून आले."

"मी थांबवायला हवं होतं."

"पायरीवर चढून, अहो! हातवारे करून!"

"हो."

मामीनं फडक्यावर उपडी घातलेली किटली उचलली आणि त्याच्यासमोर ठेवली. "उद्यापासून दूध तुम्ही आणायचं."

सकाळी मामा रांगेत उभा राहिला. गळ्यात शिट्टी नव्हती, त्यामुळे दोघांनी आधी ओळखलंच नाही. दूधवाल्यानं मात्र लांबूनच फळीवर हात मारला. "नऊ तर नऊ! आज वाघ स्वतः आला!"

रांग हसली, कौतुकानं. मामा पायरीवर चढला. चढायची गरज नव्हती; पण मामी तिथूनच बोलली होती.

"ते भाषण मी केलं नाही," तो म्हणाला. "घरी आरशासमोर केलं. बैठकीत मला विचारलं, तेव्हा मीच म्हणालो, बंद करा. लोक हसतील म्हणून. हिला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला कोणी काही बोलू नका."

 एका बाईनं आपली बरणी या हातातून त्या हातात घेतली. दूधवाल्यानं किटली ओढून घेतली, माप बुडवलं, काठोकाठ भरलं, ओतलं. माप पुन्हा उचललं, मग जागेवर ठेवून दिलं.

"पुढचे," तो म्हणाला.

मामी दारातच उभी होती. तिनं किटलीचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं. दूध मापाएवढंच होतं.

"सांगितलंत," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.